पाणथळीवरचे पक्षी मोजायचे कसे? पहिल्या गणनेला निघालेल्यांसाठी

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि तिच्यात भाग घ्यायला पदवी लागत नाही. लागते ती चिकाटी आणि एक सवय: जे पाहिलं तेच लिहायचं, जसं पाहिलं तसं लिहायचं.

नवखी मंडळी सगळ्यात जास्त इथेच चुकतात. किती जाती दिसल्या याची यादी केली की गणना झाली, असं त्यांना वाटतं. समजा, तलावावर यंदा पाच हजार पक्षी मोजले आणि पुढच्या वर्षी तीन हजार. पक्षी घटले, की मोजणारे उशिरा पोहोचले, की पाणी जास्त होतं म्हणून चिखलातले पक्षी दुसरीकडे गेले? कुठून मोजलं, किती वेळ मोजलं आणि पाणी किती होतं, हे लिहिलेलं नसेल तर या प्रश्नाला उत्तर नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत. उदाहरणं मुख्यतः निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरची घेतली आहेत, पण उजनीचा फुगवटा, जायकवाडीचा नाथसागर किंवा गावचा पाझर तलाव यांनाही रीत हीच लागू पडते. खाडीचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे दिलं आहे.

१. आधी जागा पायी फिरून घ्या

गणनेच्या आठवडाभर आधी एक सकाळ फक्त यासाठी द्या. मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडून पाण्याची कड बघा आणि मग प्रत्यक्ष जाऊन ताडून घ्या. नकाशावरचं चित्र अनेकदा वेगळ्या ऋतूतलं असतं. जिथे निळं पाणी दिसतं तिथे प्रत्यक्षात पाणकणीस किंवा बेशरमीचं रान असू शकतं.

नांदूर मध्यमेश्वर हा गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा, शंभर वर्षांहून जुना बंधारा आहे. वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, उथळ पाणी, बेटं आणि दलदल तयार झाली, आणि पक्षी आले. २०२० मध्ये तो महाराष्ट्रातला पहिला रामसर पाणथळ (रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झाला. इथली पाण्याची पातळी पावसावर कमी आणि कालव्यांच्या आवर्तनावर, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीवर, जास्त ठरते. दोन दिवसांत चिखलाची पट्टी उघडी पडते किंवा बुडते, आणि तिच्याबरोबर शेकडो किनारपक्षी येतात किंवा जातात. म्हणून गणनेच्या तारखेला आवर्तन आहे का, हे आधी गावात विचारून ठेवा.

फिरताना चार गोष्टी नकाशावर खुणा करून घ्या: उघडं खोल पाणी, गुडघ्याच्या आतलं उथळ पाणी, ओला चिखल आणि गवत-पाणकणीस. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारून खातात, ते खोल पाण्यावर असतात. थापट्या, चक्रांग, तलवार बदक उथळ पाण्यात. टिलव्याला घोटाभर पाणीही जास्त होतं, त्याला ओला चिखलच हवा. कोणता पक्षी कुठे शोधायचा, हे अर्धं या खुणांवरूनच कळतं.

२. उभं राहायच्या जागा पक्क्या करा

एकदा ठरवलेली जागा दर वर्षी तीच राहिली पाहिजे. प्रत्येक जागेला क्रमांक द्या, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा आणि तिथून पाण्याचा कोणता भाग मोजायचा त्याची हद्द ठरवा. हद्दीला ठळक खूण हवी: वाळलेलं बाभळीचं झाड, विजेचा खांब, पंपहाउस. 'साधारण त्या बेटापर्यंत' ही हद्द नव्हे, बेट पाण्याखाली जाऊ शकतं.

आठ पट दुर्बिणीने बदकाची जात खात्रीने ओळखायची तर साधारण दोनशे मीटरच्या आत असावं लागतं. स्कोप, म्हणजे तिपाईवर बसवायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, असेल तर याच्या दोन-तीन पट अंतर चालतं. त्या हिशोबाने जागा निवडा.

सकाळच्या मोजणीसाठी पूर्वेच्या काठावर उभं राहा, म्हणजे ऊन पाठीमागे राहील. पश्चिम काठावरून सूर्याकडे तोंड करून पाहिलं तर सगळी बदकं काळीच दिसतात. पूर्वेला वाटच नसेल, तर तो भाग सगळ्यात शेवटी, सूर्य वर आल्यावर मोजा आणि तसं लिहून ठेवा.

३. बरोबर काय न्यायचं

• दुर्बीण, ८×४२. दहा पटीची हातात थरथरते, नवख्याने आठचीच घ्यावी.
• चार-पाच जणांत एक स्कोप, २० ते ६० पट भिंगाचा, आणि दणकट तिपाई. हलकी तिपाई वाऱ्यात डुलते आणि मग महागडा स्कोपही कुचकामी ठरतो.
• बोटाने दाबायचा आकडेमोजा, शक्यतो दोन. एकावर वारकरी (कूट हा काळा पाणपक्षी), दुसऱ्यावर बाकीचे.
• पाठपुठ्ठा, छापील तक्ते आणि पेन्सिल. पेनाची शाई दवाने फुटते.
• जागांच्या खुणा केलेला कागदी नकाशा. मोबाइलची बॅटरी थंडीत आणि जीपीएसमुळे लवकर उतरते.
• घड्याळ, पिण्याचं पाणी, टोपी, चिखलात चालतील असे बूट, मातकट किंवा हिरवट कपडे. पांढरा सदरा नको.
• ओळखपत्र आणि परवानगीची प्रत.

४. परवानगी आणि गावची माणसं

अभयारण्य असेल तर वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात निदान पंधरा दिवस आधी अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, सगळ्यांची नावं आणि मोजणीच्या जागा लिहा. ड्रोनचा विचारही करू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय ड्रोन वर गेला की थवे उठतात आणि सगळी मोजणी वाया जाते.

अभयारण्य नसेल तरी काठावरची शेतं कुणाची तरी आहेत. बांधावरून जाण्याआधी विचारा. मासेमारी करणाऱ्यांना तारीख सांगा, होड्या कुठल्या बाजूने जाणार ते समजून घ्या. पक्षी सध्या कुठे बसतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

५. ओळख: सगळं यायला हवं असं नाही

पहिल्या वर्षी तीस जाती खात्रीने आल्या तरी पुष्कळ झालं. ज्या गोंधळात पाडतात त्या आधी पक्क्या करा.

बगळे. छोट्या बगळ्याची चोच काळी आणि बोटं पिवळी. चिखलात उभा असला तर बोटं दिसत नाहीत, तेव्हा तो उडेपर्यंत थांबा. मध्यम आणि मोठ्या बगळ्यात फरक जबड्याच्या रेषेचा: मध्यम बगळ्याची रेष डोळ्याखाली संपते, मोठ्याची डोळ्याच्या मागे जाते. गायबगळा आखूड मानेचा, पिवळ्या चोचीचा.

बदकं. नर सोपे असतात, माद्या अवघड. थापट्याची चोच फावड्यासारखी, मादीचीही तशीच. गढवालच्या पंखावर पांढरा चौकोन. चक्रांग मादीच्या शेपटीच्या कडेला फिकट रेघ असते. भुवई बदकाच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. हळदी-कुंकू बदकाची चोच काळी, टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बरेच नर अजून मादीसारख्या पिसाऱ्यात असतात, म्हणून सराव तेव्हा केला असेल तर जानेवारीत डोळे पुन्हा लावावे लागतात.

चिखलातले छोटे पक्षी. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट. पण पायांना चिखल लागला की सगळेच काळे! तेव्हा पाठ बघा: टेमिंकची एकसारखी राखी-तपकिरी. छोट्या कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, केंटिश चिखल्याच्या नसतं आणि त्याचा गळपट्टा पुढे तुटलेला असतो. सामान्य तुतारीच्या खांद्यापुढे पोटाचा पांढरा रंग वर चढलेला दिसतो आणि ती सारखी शेपूट हलवते. हिरवी तुतारी उडाली की पांढरा कंबरपट्टा लख्ख दिसतो.

आणि खात्री नसेल तर 'अनोळखी बदक, ४०' किंवा 'अनोळखी टिलवा, २५' असं बेधडक लिहा. ही कमीपणाची गोष्ट नाही. त्या चाळीसांना अंदाजाने चक्रांग ठरवणं ही खरी चूक आहे, कारण ती नंतर कुणालाच पकडता येत नाही.

मराठी नावांबद्दल एक सूचना. 'करकोचा' हा शब्द चित्रबलाकाच्या कुळालाही वापरतात आणि क्रौंचांनाही. जिल्हा बदलला की नाव बदलतं. म्हणून तक्त्यात प्रत्येक जातीपुढे शास्त्रीय नाव आधीच छापून घ्या. गटाचे दहा जण दहा नावं लिहून आणतात आणि संध्याकाळी कुणाचं काय, हे जुळत नाही.

६. मोजायचा सराव घरी करा

तीसपर्यंतचा थवा एकेक मोजता येतो. पुढचं काम ठोकळ्यांनी करायचं. थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात साठवा. तेवढीच जागा पाच वेळा पुढे सरकवली की पन्नास. पन्नासाचा ठोकळा डोळ्यात बसला की त्याने पूर्ण थवा मापत जा. हजारांच्या थव्याला शंभराचा ठोकळा घ्या. मधे दाट आणि कडेला विरळ असेल तर दोन्हीकडे वेगळा ठोकळा लागतो. सगळीकडे एकच मापला तर आकडा फसतो.

सरावाला परात आणि मूठभर ज्वारी पुरे. दाणे परातीत फेका, पाच सेकंद बघा, अंदाज लिहा, मग खरोखर मोजा. असं वीसेक वेळा करा. तुमचा अंदाज बहुधा कमीच येत असल्याचं दिसेल, आणि दाणे जितके जास्त तितका फरक मोठा. मोठ्या थव्यांबाबत जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं. सरावाने तो कमी होतो. मात्र प्रत्यक्ष गणनेत 'आपण नेहमी कमी धरतो' म्हणून आकड्यात वीस टक्के घालू नका. जो अंदाज आला तोच लिहा.

मोठ्या थव्याचा फोटो घेऊन ठेवा. घरी संगणकावर प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देत मोजलं की काठावरचा अंदाज किती बरोबर होता ते कळतं. दोन्ही आकडे लिहा, कोणता कसा काढला तेही लिहा.

७. गणनेची सकाळ

जानेवारीत नाशिककडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला जागेवर असा. धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबा, धुक्यात मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि स्कोपमधली दूरची बदकं वितळल्यासारखी दिसतात. म्हणजे हातात जेमतेम अडीच तास असतात, चहा नंतर.

जागेवर पोहोचल्यावर आधी पाच मिनिटं नुसते उभे राहा. तुमच्या येण्याने दचकलेले पक्षी पूर्ववत होऊ द्या. मग सुरुवातीची वेळ, हवा, वारा, पाण्याची पातळी आणि माणसांचा वावर लिहा. पातळीसाठी मोजपट्टी नसली तर कायमची खूण घ्या: 'मनोऱ्याच्या खालच्या पायरीपासून पाणी दोन हात लांब'.

कामं वाटून घ्या. एक स्कोपवर, एक दुर्बीण घेऊन जवळच्या काठावर, एक फक्त आभाळाकडे, एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने प्रत्येक आकडा मोठ्याने परत म्हणायचा. 'सतरा' आणि 'सत्तर', 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. त्यामुळे आकडे सुटे सांगा: 'सहा-नऊ'.

क्रमही ठरलेला असावा. जे आधी उडतील ते आधी मोजायचे: बदकं, मग किनारपक्षी, मग मोठे करकोचे, शराटी आणि चमचे. वारकरी सहसा कुठे जात नाहीत, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, ते नंतर मोजले तरी चालतात. मात्र वारकऱ्यांच्या दाट तांड्यात चार-दोन लालसरी लपलेल्या असतात, त्यासाठी एकदा हळूहळू पूर्ण तांड्यावरून स्कोप फिरवा. बुडी मारणारे पक्षी (टिबुकली, लालसरी, शेंडी बदक) तीन वेळा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या, कारण प्रत्येक क्षणी काही पाण्याखाली असतात. मोठी संख्या असेल तरी छोटी लालसरी आणि नदी सुरय यांच्यासाठी शक्यतो ठोकळा वापरू नका. दोन्ही जाती धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहेत, तिथे एकेक पक्षी मोलाचा.

पाणकणसातले पक्षी शेवटी. जांभळी पाणकोंबडी कडेला येते, पण पाणलावा समोर बसलेला असूनही दिसत नाही. आवाजही लिहा: 'फक्त ऐकली, २'. शोधण्यासाठी गवतात शिरू नका, दगड मारू नका, मोबाइलवर आवाज वाजवू नका.

८. एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून

सगळ्या गटांनी एकाच वेळी सुरू करून एकाच वेळी थांबायचं. हे जमलं की अर्धी दुबार मोजणी टळते. एकच गट असेल तर एकाच दिशेने पुढे जा, मागे फिरू नका.

दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, दलदलीवरून फिरू लागला की पूर्ण थवा उठतो. त्या क्षणी मोजणी थांबवा. तोपर्यंतचा आकडा, वेळ आणि थवा कुठल्या दिशेला गेला ते लिहा: '७:५०, तलवार बदक सुमारे २००, कोथुरेकडे'. पलीकडच्या गटाच्या तक्त्यात त्याच वेळेला तेवढीच आवक दिसली तर संध्याकाळी एक आकडा काढून टाकता येतो. पंधरा मिनिटांत थवा परत बसला तर नव्याने मोजा आणि जुना आकडा खोडू नका, शेजारी खूण करा.

पाण्यावरून नुसते उडत जाणारे, न उतरलेले पक्षी वेगळ्या रकान्यात लिहा.

९. त्याच दिवशी नोंद पुरी करा

दुपारीच सगळे गट एकत्र बसा. उद्यावर टाकलं की 'ते शंभर कुठले होते' हे कुणालाच आठवत नाही. हद्दींजवळचे आकडे जुळवा, मग बेरीज करा.

नोंद ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकणार असाल तर तीन ठिकाणी ठेच लागते. एक, 'ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची ही पूर्ण यादी आहे का' असा प्रश्न येतो. तुम्ही फक्त पाणपक्षी लिहिले असतील आणि कावळे, साळुंक्या, धोबी सोडले असतील तर उत्तर 'नाही' असंच द्यायचं. दोन, आकड्याच्या जागी एक्स टाकता येतो, पण गणनेत तो निरुपयोगी आहे, अंदाज का असेना, आकडा लिहा. तीन, गटातल्या प्रत्येकाने स्वतंत्र यादी टाकली तर पाचशे बदकांची अडीच हजार होतात. एकाने टाकावी आणि इतरांना वाटावी.

जी जात शोधूनही मिळाली नाही तीही लिहा. गेल्या वर्षी असलेलं चक्रवाक यंदा शून्य, हा आकडाच आहे. रिकामा रकाना म्हणजे शून्य की पाहिलंच नाही, हे कळत नाही.

या आकड्यांचं पुढे काय होतं ते माहीत असलं की हात आपोआप जपून चालतो. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या त्या भागातल्या एकूण संख्येच्या १ टक्का पक्षी येत असतील, तर रामसर दर्जासाठी ते निकष ठरतात. फुगवलेला आकडा त्या दाव्याचीच पत घालवतो.

१०. विविधतेचा हिशोब

एकूण पक्षी म्हणजे विपुलता, आणि जाती किती व त्यांत पक्षी कसे वाटलेले म्हणजे विविधता. दोन तळी घ्या, दोन्हींवर शंभर पक्षी, पाच जाती. पहिल्यावर प्रत्येक जातीचे वीस. दुसऱ्यावर वारकरी ऐंशी आणि बाकी चार जातींचे पाच-पाच. शॅननचा निर्देशांक काढायला प्रत्येक जातीचा एकूण संख्येतला वाटा घ्या, त्याला त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगने गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि उणे चिन्ह काढा. पहिल्या तळ्याचा येतो १.६१, दुसऱ्याचा ०.७८.

संगणकावरच्या तक्त्यात नुसतं लॉग लिहिलं तर ते दहाच्या पायाचं निघतं आणि पहिल्या तळ्याला ०.७० येतो. एल-एन (LN) हे सूत्र वापरा. अनोळखी पक्षी या हिशोबात घेऊ नका, पण एकूण संख्येत ठेवा.

निर्देशांक जास्त म्हणजे पाणथळ चांगली, असं मात्र समजू नका. हजारो वारकरी उतरले की आकडा खाली येतो, पाणथळ बिघडलेली नसते. आणि चार तास मोजलेल्या तळ्याची एक तास मोजलेल्या तळ्याशी तुलना करू नका, जास्त वेळात जाती जास्तच निघतात.

११. खाडीवर मोजणार असाल तर

ठाणे खाडीसारख्या ठिकाणी घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघायची. ओहोटीत पक्षी मैलोगणिक चिखलावर पसरतात, मोजता येत नाहीत. भरती चढत गेली की रोहित आणि किनारपक्षी उरलेल्या उंच जागांवर गोळा होतात, तेव्हा मोजा. त्यासाठी भरतीचं वेळापत्रक पाहून तारीख ठरवा आणि भरतीच्या तासभर आधी जागेवर पोहोचा. खाडीचा चिखल फसवा असतो, बांधावरून खाली उतरू नका.

१२. मेलेले पक्षी दिसले तर

हात लावू नका. संख्या, जात, जागा, फोटो घ्या आणि वनविभागाला व पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. २०१९ साली राजस्थानातल्या सांभर सरोवरावर बॉट्युलिझममुळे (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या रोगामुळे) हजारो पक्षी मेले. अशा वेळी कुजणारे मृत पक्षी लवकर उचलणं महत्त्वाचं ठरतं. पण ते काम प्रशिक्षित माणसांचं, हातमोजे घालून करायचं.

१३. जानेवारीनंतर

एक गणना म्हणजे एका सकाळचं चित्र. जमलं तर ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून एकदा, त्याच जागांवरून, त्याच वेळात मोजा. स्थलांतरित बदकं कधी आली आणि कधी निघाली हे त्यातूनच कळतं. मेअखेर पाणी तळाला गेलं की कागदी नकाशा घेऊन पुन्हा एक फेरी मारा. उघडा पडलेला तळ, उथळ पट्ट्या, खड्डे, गाळाचे उंचवटे नकाशावर आखून ठेवा. पुढच्या जानेवारीत शेकाट्ये आणि टिलवे एखाद्या ठिकाणी का गोळा झालेत, हे विचारायला लागलात की हाच नकाशा उघडायचा.